अमावास्या पाळणारं कृष्णविवर

आकाशातल्या एका भोकाला माझं नाव दिलंय, हे मला शेजारच्या सुमननं सांगितलं. तेही भर गुऱ्हाळात, रस प्यायला आलेल्या सात-आठ माणसांसमोर.

"शालाक्का, पेढे कुठायत?" ती म्हणाली. "वाटंत येईल ते गिळणारं एक भोक हाय म्हणं वर. त्याला शालाक्का म्हणायचं ठरलंय साऱ्या जगात."

"कुणी ठरवलं?"

"तुमच्याच ईश्वरीनं. फोनमधली बातमीवाली बाई सकाळपास्नं तेच सांगायलीय."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. निगवडी गावात शालन पोवार हे नाव कुणी उगाच घेत नाही. गुळाच्या प्रत्येक रव्यावर, म्हणजे ढेपेवर, त्या नावाचा शिक्का असतो, गूळ चार देशांत जातो, आणि आजवर एक रवा परत आलेला नाही. मी चौथी शिकले. नवरा लवकर गेला, तेव्हा दिनकर, माझा एकुलता एक, पाळण्यात होता. सासऱ्यांचं हे गुऱ्हाळ मी एकटीनं पुन्हा उभं केलं. आणि पन्नास हंगामांनंतर नातीला माझ्यात काय दिसलं? भोक!

"सुवर्णा, काहिलीकडं बघ," मी सुनेला म्हटलं. "मी वर जाऊन येते. पोरगीला जरा विचारायचंय."

"आत्ती, आदण उतरल्यावर जावा की. 'उतरा' कोण म्हणणार?"

ते खरं होतं. एक काहील रस उकळून गूळ व्हायला अडीच तासांना पाच मिनिटं कमी लागतात. त्याला आदण म्हणतात. त्या सगळ्या वेळात मोलाचा असतो फक्त एक क्षण. पाक तयार झाला की काहील तिथल्या तिथं रिकामी करायची. अर्धा मिनिट आधी, तर गूळ पाघळतो. अर्धा मिनिट नंतर, तर काळा पडतो. त्या क्षणी 'उतरा!' म्हणायचा मान आमच्या गुऱ्हाळात माझा. सुवर्णा सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. एकोणीस वर्षं तिनं काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं वाळलेलं चिपाड घातलं. सात वर्षांपूर्वी विजेची काहील आली, तेव्हापासून ती आचेचं बटण सांभाळते. एकदा, फार पूर्वी, तिनं विचारलं होतं, "आत्ती, आज मी म्हणू का?" मी म्हटलं होतं, "तू जळणाकडं बघ." तिनं पुन्हा विचारलं नाही.

आदण उतरवूनच मी वर गेले.

---

वर म्हणजे घोड्याच्या माळावर. गावाच्या डोक्यावर पठार आहे, आणि बारा वर्षांपूर्वी तिथं रेडिओ दुर्बीण आली. दुर्बीण म्हटल्यावर मला वाटलं होतं, मोठी नळी असेल. तिथं नुसत्या तारा. दीड हजार लोखंडी छत्र्या, कापड उडून गेल्यासारख्या. त्या बघत नाहीत, ऐकतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या बारीक असतात, की खाली कुणी विजेचं यंत्र चालवलं की त्यांचा कान भरून जातो. म्हणून फाटकावर फोन काढून घेतात. म्हणूनच आमच्या विजेच्या काहिलीभोवती वेधशाळेनं तांब्याच्या बारीक जाळीची खोली बांधून दिली आहे. आतला गोंगाट आत राहावा, एवढ्यासाठी.

ईश्वरी तिथंच संशोधन करते. मला बघून हसत आली. चोवीस वर्षांची घोडी, अजून केस बांधायची अक्कल नाही.

"ईशे, माझ्यात काय भोक दिसलं तुला?"

"आज्जी, आधी बस. पाणी पी."

"पाणी नगं. उत्तर दे."

तिच्या मोठ्या बाई, डॉक्टर नीलोफर मुल्ला, उठून उभ्या राहिल्या. साठीच्या, अंगानं भरलेल्या, आवाज आमच्या दिनकरच्या ट्रॅक्टरसारखा. "या शालाक्का! तुमच्या नावानं आम्ही इथं चाळीस दिवस जागरण घातलंय."

"जागरण देवीचं घालत्यात. गिळणाऱ्याचं न्हाई."

ईश्वरीनं माझ्यासमोर एक चित्र धरलं. मधोमध ठिपका, भोवती धुकं.

"ही दीर्घिका. म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक गाव. सोळा कोटी प्रकाशवर्षं लांब. आज आपल्याला दिसतं ते सोळा कोटी वर्षांपूर्वीचं. आणि हे मधलं, ते भोक नाही गं. ते वजन आहे. चार कोटी सूर्यांचं वजन, इवल्याशा जागेत कोंबलेलं. त्याला महाकाय कृष्णविवर म्हणतात."

वजन हा शब्द मला बरा वाटला. मी बसले.

"गावाभोवती तापलेला वायू असतो, कोटी कोटी अंशांचा. तो हळूहळू निवतो. निवला की त्याच्या तारा धरतात, आपला पाक पाण्यात सोडला की धरतो तशा. त्या तारा मधल्या वजनाकडं ओढल्या जातात. पण सरळ तोंडात पडत नाहीत. भोवती फिरत राहतात, त्यांची चकती होते, चकती घासून घासून तापते, उजळते. शेवटी थोडाच घास आत जातो. बाकीचा हे दोन्ही बाजूंनी उधळून लावतं. झोतच्या झोत, अख्ख्या दीर्घिकेच्या बाहेर पोचणारे."

"म्हंजे गिळतं कमी, फेकतं जास्त."

"हां! आणि खरी गंमत पुढं आहे. तारे जन्मतात ते निवलेल्या वायूतून. झोतांनी वायू तापला की तो निवत नाही. निवला नाही की नवे तारे नाहीत. सगळ्या गावाच्या मानानं हे मधलं काहीच नाही, हजारातला एक भाग. पण गावात किती तारे जन्मायचे, ते हे ठरवतं."

"घर कितीबी मोठं असू दे," मी म्हटलं, "मधली बाई ठरवते."

डॉक्टर मुल्ला मोठ्यानं हसल्या. "ऐकलंस ईश्वरी? दहा वर्षं मी पोरांना हे शिकवायले, एका ओळीत कधी बसवता आलं नाही."

"आणि आज्जी, आपलं हे कृष्णविवर कशात वेगळं आहे सांगू? सगळी कृष्णविवरं खातात ती वाटेल तेव्हा. हे नेमानं खातं. दर दोन तास पंचवीस मिनिटांनी एक घास. ठरल्यासारखा. इतक्या नेमानं खाणारं कुणी बघितलेलं नाही. नाव आधीच फुटलंय, पण पुरावा आम्ही सोमवारी बावीस देशांसमोर मांडणार. यादीतलं त्याचं नाव म्हणजे सोळा आकडे नुसते. मला वाटलं, नेम म्हटल्यावर आज्जीशिवाय दुसरं नाव कुठलं?"

मी पाणी मागितलं आणि प्यायले.

उतरताना मी चालले नाही, मिरवले. तीन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो, मागं आकाश, खाली 'विश्वाच्या केंद्रस्थानी निगवडीची कन्या'. विश्वाचं केंद्र ते नव्हे, असं ईश्वरी म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे, छापून झालंय." रविवारी सत्कार ठरला. सुमनला मी पेढे दिले, वर तिच्या सासूलाही दिले, आणि तिला दोनदा विचारलं, "तुझ्या नावाचं काय हाय गं वर?"

---

शुक्रवारी दुपारी ईश्वरी कागदाची मोठी गुंडाळी घेऊन गुऱ्हाळात आली. सत्काराच्या मांडवात लावायला चाळीस दिवसांचा आलेख. तिनं तो जमिनीवर अंथरला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचला.

मला आकडे नीट वाचता येत नाहीत. पण रेघ वाचायला शाळा लागत नाही. हल्ली साधारण सकाळी नऊ ते दुपारी तीन ती दीर्घिका आकाशात वर असते, दक्षिणेला, अगदी खाली टेकलेली, माळावरून बघितलं तर आमच्या गावावरच. तेवढ्या वेळात रेघेला दोन उंचवटे, कधी अडीच.

मी वाकून एक उंचवटा बघितला. रेघ झपकन वर चढत होती. मग एक खळगा. मग पुन्हा वर. मग एक बारीक दात. मग एकदम कडा तुटावा तशी खाली.

मी पुढचा उंचवटा बघितला. तोही तसाच.

खळगा म्हणजे मळी, रसावरचा मळकट फेस, काढायची वेळ. आम्ही आच कमी करतो. बारीक दात म्हणजे उरलेली मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी घालतो तेव्हाचा. अर्ध्या मिनिटासाठी आच वाढवायची, लगेच उतरवायची. आणि कडा तुटते ती 'उतरा!' म्हटल्यावर सुवर्णा बटण बंद करते तेव्हा.

"ईशे," मी म्हटलं, "ही मोकळी जागा कसली?"

"त्या दिवशी ते शांत होतं. अशा दोन जागा आहेत. त्यांचं कोडं सुटलेलं नाही अजून."

"एकीपास्नं दुसरी किती दिवसांवर?"

"एकोणतीस की तीस."

अमावास्येला आम्ही गुऱ्हाळ बंद ठेवतो. माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेलं आहे.

मी मान वर केली. समोर सुवर्णा उभी होती, आणि तिची नजर आलेखावरच्या एका अर्ध्या उंचवट्यावर खिळली होती. त्या मंगळवारी दिनकरनं केबल जाळली होती आणि आदण मध्येच गेलं होतं. चाळीस दिवस बटणावर हात तिचाच होता. माझ्याआधीच तिला कळलं होतं.

आता दाराचं सांगते. तांब्याच्या खोलीला दार आहे, तेही जाळीचं. काहील चालू असताना ते बंद हवं, असं वेधशाळेनं लिहून दिलंय. पण गुऱ्हाळाचं दार हंगामात बंद करतात का? आल्या-गेल्याला रस द्यायचा, ऊन ऊन गूळ हातावर ठेवायचा. बंद दार बघून वाटसरू तहानलेला पुढं गेला, तर त्या गुळाला चव कुठली? म्हणून पहिल्याच दिवशी मी ते दार दोरीनं खांबाला बांधून टाकलं. दार माळाच्या बाजूला उघडतं. तपासणीवाले वर्षातून एकदा यायचे, तेव्हा मात्र मी आठवणीनं लावून घ्यायची. परकी माणसं येणार म्हटल्यावर घर नीटनेटकं दिसायला नको?

सात वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण सात वर्षं त्यांचे कान डोक्यावरच्या आकाशाकडं होते. यंदा पहिल्यांदाच त्यांनी इतकं खाली ऐकायला घेतलं. आणि त्यांना दीर्घिका ऐकू आली नाही. मी ऐकू आले.

ईश्वरी गुडघ्यांवर बसून आलेखाच्या कडा सरळ करत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत. सहा वर्षांची होती तेव्हा अशीच बसून उसाची पेरं मांडायची.

मी गप्प बसले असते तर? रविवारी सत्कार, सोमवारी साऱ्या जगात नाव. कुणाला कळणार होतं? अशा वेळी माणूस किती भरभर विचार करतो, ते मी सांगत नाही.

"आत्ती," सुवर्णा हळू आवाजात म्हणाली, "तुमी सांगताय, का मी सांगू?"

सव्वीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. मला राग आला, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी आलं, त्याला नाव देत बसले नाही.

"तू बटणाकडं बघ," मी म्हटलं. मग ईश्वरीला म्हटलं, "पोरी, तुझं कृष्णविवर अमावास्या पाळतंय."

"काय?"

"आणि मंगळवारी त्याची केबल जळाली हुती."

समजायला तिला फार वेळ लागला नाही. हुशार आहे. तिनं मंगळवार बघितला, अमावास्या मोजल्या, काहिलीकडं बघितलं, आणि मग दाराकडं. दोरी तशीच बांधलेली.

"किती दिवसांपासून?"

"सात वर्षं."

ती तिथंच, आलेखावर बसली. मला वाटलं, रडेल. तिचे खांदे हलायला लागले. सुवर्णा धावली. बघतो तर पोरगी हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"सोमवारी," ती म्हणाली, "सोमवारी मी बावीस देशांना आपली गुळाची काहील दाखवणार होते, आज्जी. बावीस देशांना!"

"मग दाखवू नगंस," मी म्हटलं. तिला जवळ घेतलं. गुळाच्या हातांनी घेतलं, केस चिकटले.

---

डॉक्टर मुल्लांनी शब्दानंही दोष दिला नाही. म्हणाल्या, "सोमवारच्या आत कळलं, अल्लाचा शंभर वेळा शुक्र. उद्या तपासू. उद्या काहील पूर्ण बंद."

"तोडलेला ऊस थांबतो व्हय?" मी विचारलं. पाच गाड्या ऊस येऊन पडला होता. तो वाळला की रस आटतो, गूळ चिकट होतो.

वाट दिनकरनं काढली. माझा दिनकर दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक. "मागचं जुनं चुलवाण पेटवूया की."

जुन्या लोखंडी काहिलीत आम्ही म्हशींना पाणी ठेवत होतो. ती राखेनं घासून चांदीसारखी केली. घाणा पहाटेच फिरवून रस काढून ठेवायचा, नऊच्या आत वीज बंद, मग सगळं आगीवर. ठरलं. तेवढ्यात ईश्वरी म्हणाली, "आणि आज्जी, तू माझ्याबरोबर वर चल."

"मी? कशाला?"

"खाली आणखी दोन गुऱ्हाळं आहेत. त्यांचीही जाळी गळत असेल. कुठला उंचवटा कुणाचा, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

सगळ्यांच्या मनात एकच होतं. 'उतरा' कोण म्हणणार? वर फोन नेता येत नाही. खालचं मला कळणार नाही, वरून मला सांगता येणार नाही.

मी सुवर्णाला सांगायला सुरुवात केली. फेस कसा बघायचा, बुडबुडा केवढा, गोळी पाण्यात कशी टणकन वाजली पाहिजे, वास कधी बदलतो. दिनकरनं जांभई दिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"आत्ती," सुवर्णा म्हणाली, "तुमी जावा. भोक वाट बघायलंय."

---

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी पडद्यासमोर बसले. हिरवी रेघ सरपटत निघाली होती. खिडकीतून खाली गाव दिसत होतं, आणि आमच्या गुऱ्हाळामागून सात वर्षांनी धूर निघाला होता. दाट, पांढरा. चिपाड ओलसर होतं म्हणून. 'बारीक घाल, बारीक घाल,' मी मनात म्हटलं.

दहा वाजता रेघेला एक टेंगूळ आलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"ह्यो खालच्या गुऱ्हाळाचा बाबू चौगुले," मी म्हटलं. "मळी काढायच्या आधीच आच वाढवतोय बघा. म्हणून त्याचा गूळ कडवट."

वेधशाळेचा एक माणूस खाली पळाला. वीस मिनिटांत टेंगूळ मावळलं. दुसऱ्या गुऱ्हाळाची जाळी चोख निघाली. मग रेघ सपाट. पावणेअकरा, सव्वाअकरा. आमच्या पहिल्या आदणाची वेळ भरत आली, रेघ तशीच. चाळीस दिवसांचा तो नेमाचा घास, तो आमचाच होता, आता शंकाच उरली नाही.

ईश्वरी पेनाचं टोपण काढायची, लावायची. तिचं तोंड बघवेना म्हणून मी खिडकीकडं गेले. धूर पातळ झाला होता. म्हणजे मळी निघाली, भेंडी पडली. माझे हात आपोआप हलायला लागले होते. अजून आठ मिनिटं, मी मोजलं. आठ मिनिटं धर, सुवर्णा.

आणि धूर तुटला.

आठ मिनिटं आधी! जळण ओढलं होतं तिनं बाहेर. मी खिडकीच्या गजाला धरून ओरडले, "अगं थांब!" दोन मैलांवरून.

"शालाक्का," मागून मुल्लाबाईंचा आवाज आला, पण ट्रॅक्टरसारखा नाही, अगदी बारीक. "जरा इकडं या. हे कुठलं गुऱ्हाळ?"

मी वळले. रेघ सपाट नव्हती. इतकी हळू चढत होती, की एका जागी बघत राहिलं तर कळत नव्हतं. खळगा नाही, दात नाही, कडा नाही. नुसती चढण.

मी वाकून बराच वेळ बघितलं. "हे आमच्यातलं न्हाई," मी म्हटलं. "असलं आदण कुणी लावत न्हाई. ह्याला उतरवणारं कुणी दिसत न्हाई."

मग त्या खोलीत जे झालं! ईश्वरीनं मागच्या चाळीस दिवसांच्या आलेखातून आमच्या काहिलीचा आकार वजा करायला घेतला. प्रत्येक आदण कधी सुरू, कधी बंद, ते मी सांगत होते, ती पुसत होती. जसजशी मी पुसली जात होते, तसतशी खालून ती दुसरी रेघ वर येत होती. पस्तीस दिवस निजलेली. मागच्या पाच दिवसांत किंचित उठलेली. आज सरळ चढायला लागलेली. ती तिथंच होती. माझ्या आवाजाखाली दबलेली.

वेधशाळांना जोडणाऱ्या खास तारेवरून मुल्लाबाईंनी दक्षिणेकडच्या एका देशातल्या वेधशाळेला विचारलं. दुपारी दोनला उत्तर आलं: त्यांनाही दिसतंय. तिकडं गुऱ्हाळ नाही.

मुल्लाबाईंनी मला उचललं. खरोखर उचललं. सत्तेचाळीस किलोची बाई मी, खुर्चीसकट वर गेले. ईश्वरी टेबलाभोवती फुगडी घालत होती, एकटीच.

"झालं काय ते तरी सांगा," मी म्हटलं.

"घास गेला, आज्जी!" ती धापा टाकत म्हणाली. "गार वायूची तार तुटून आत पडली आणि झोत पेटला. पेटताना कुणी बघितलेलं नाही आजपर्यंत, पेटलेलेच बघितलेत. नेमबिम काही नाही त्याला. मनाला येईल तेव्हा उठतं."

"आता पुढं?"

"आता तापवणार. आजूबाजूचा सगळा वायू. लाखो वर्षं नवा तारा व्हायचा नाही तिथं."

"आणि मग?"

"मग ते शांत होतं. वायू निवतो. पुन्हा तारे जन्मतात. ते शांत असतं तेव्हाच."

पोरगी वायूबद्दल बोलत होती. मला कुणी काही म्हणालं नव्हतं. पण उतरताना मी मिरवले नाही, नीट वाट बघून चालले.

---

खाली सुवर्णा गूळ बुट्टीत भरून हात धूत होती. तोंड धुरानं काळवंडलेलं, पदर जळालेला, आणि अशी उभी की मी तिला ओळखलंच नाही क्षणभर. कंबरेवर हात.

"आठ मिनिटं आधी उतरवलंस," मी म्हटलं. "वरनं बघितलं मी. धूर तुटला."

"जळण ओढलं, आत्ती. उतरवलं आठ मिनिटांनीच."

"म्हंजे?"

"बटण बंद केलं की आच बंद. पण चुलवाणाच्या विटा तापलेल्या असत्यात. जळण काढलं तरी आठ-धा मिनिटं त्या शिजवत राहत्यात. आधी ओढावं लागतंय. एकोणीस वर्षं ओढलं न्हाई का मी?"

खरंच. एकोणीस वर्षं मी नुसतं 'उतरा' म्हणत होते. त्याआधी योग्य वेळी जळण कोण ओढत होतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी फेसाकडं बघत होते.

मी एक खडा तोंडात टाकला. सगळे बघत होते. दिनकर, सुमन, रस प्यायला आलेले दोघे परगावचे. रंग नव्या कांस्याच्या ताटासारखा. दाताखाली कण फुटला, विरघळला, मागून धुराचा हलका वास आला. सात वर्षं तो वास मी विसरले होते.

"बरा झालाय," मी म्हटलं.

"बरा?" सुवर्णा म्हणाली. कंबरेवरचे हात तसेच.

"चांगला झालाय. आता डोक्यावर चढू नगंस."

ती हसली. दिनकर त्या दिवसाचं अकरावं वाक्य बोलला. "आई, माझ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं बघ."

रविवारी सत्कार झाला. माईकवर मी सगळं सांगितलं, दोरीसकट. लोक इतके हसले की मांडव हलला, बाबू चौगुले सोडून. सोमवारी ईश्वरीनं बावीस देशांना झोत पेटताना दाखवला, आणि आधी चाळीस दिवस तिनं आजीची काहील मोजली होती, हेही दाखवलं. त्याला जास्त टाळ्या पडल्या म्हणे.

रात्रीचं जेवताना तिनं विचारलं, "आज्जी, आता ते नेमानं खात नाही हे कळलंय. नाव बदलू का?"

"हात लावून बघ," मी म्हटलं.

आता तांब्याच्या खोलीचं दार बंद असतं. दोरी मीच सोडली. पण गुऱ्हाळावर आलेला माणूस तहानलेला कसा जाऊ द्यायचा? म्हणून रसाचा माठ, तांबे आणि बाकडं दाराबाहेर आणून मांडलं, आणि तिथं मी बसते. इथून काहील दिसत नाही. जाळीतून नुसता उकळण्याचा आवाज येतो आणि वास.

काल दोघे जण आले, माळावर दुर्बीण बघायला निघालेले. त्यातला एक तांब्या हातात घेऊन म्हणाला, "आज्जी, ते शालाक्का नावाचं कृष्णविवर इथूनच सापडलं ना?"

"आधी रस प्या," मी म्हटलं. आत वास बदलला होता. फेस आता सोनेरी झाला असणार, बुडबुडे वाटाण्याएवढे. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्याचा तांब्या भरायला घेतला, अगदी काठोकाठ.

"उतरा!" आतून सुवर्णाचा आवाज आला. खणखणीत, बरोबर त्या क्षणाला.

रसाचा एक थेंब सांडला नाही.